नाही न म्हणता दिलेला नकार : आरे मेरिकांतोचे संगीत

एक

१९२२ साली फिनलंडमध्ये ‘युहा’ नावाचा एक ऑपेरा लिहून पूर्ण झाला. तो रंगमंचावर आला १९६३ साली. मध्ये एकेचाळीस वर्षे गेली. ज्याने तो रचला तो आरे मेरिकांतो १९५८ सालीच वारला होता. आज जाणकार ‘युहा’ला फिनिश भाषेतील श्रेष्ठ ऑपेरांपैकी एक मानतात. संगीतकाराने मात्र आपला ऑपेरा रंगमंचावर कधीच पाहिला नाही.

या एकेचाळीस वर्षांत त्यावर कोणत्याही सरकारने बंदी घातली नव्हती. कोणी हस्तलिखित जप्त केले नाही, कोणी संगीतकाराला तुरुंगात टाकले नाही. देश स्वतंत्र होता, ऑपेरा त्याच देशाच्या भाषेत होता, कथा त्या देशातल्या एका मान्यवर कादंबरीकाराची होती. फक्त ऑपेरागृहाच्या चालकांनी तो घेतला नाही. अशा नकाराचा अभ्यास आपण फारसा करीत नाही. बंदी घातलेल्या पुस्तकाचा निषेध करता येतो, सभा घेता येते, मोर्चा काढता येतो. यादीतच न आलेल्या कृतीसाठी कोण मोर्चा काढणार? ती नाही हेच मुळी कोणाला ठाऊक नसते.

मेरिकांतोविषयी लिहावेसे वाटले ते याच कारणाने. मी संगीतशास्त्राचा अभ्यासक नाही. पाश्चात्त्य स्वरलिपी मला वाचता येत नाही. जे ऐकले ते ध्वनिमुद्रणांवरून. माझे वडील गावच्या लग्नकार्यात हलगी वाजवत. वाजवणे हे त्यांचे नेमून दिलेले काम होते आणि मंडपाबाहेर उभे राहणे हाही त्या कामाचाच भाग होता. त्यामुळे कोणतेही संगीत ऐकताना वाजवणारा कुठे उभा आहे, हे पाहण्याची मला खोड लागली आहे. ती खोड घेऊनच मी मेरिकांतोकडे वळलो, आणि पहिल्याच पावलाला अडखळलो. कारण हा माणूस मंडपाबाहेरचा नव्हताच.

दोन

आरे मेरिकांतोचा जन्म १८९३ साली हेलसिंकीत झाला. वडील ऑस्कर मेरिकांतो हे फिनलंडमध्ये घराघरांत माहीत असलेले नाव. त्यांची गाणी लोक सहज गुणगुणत. फिनिश भाषेतील पहिला ऑपेरा ‘पोह्यान नेइती’ हा त्यांचाच. १८९८ साली लिहिलेला, १९०८ साली रंगमंचावर आलेला. मुलाला शिकायला त्यांनी लाइपझिगला माक्स रेगर या नामवंत गुरूकडे पाठवले. पुढे १९१५-१६ मध्ये तो मॉस्कोत सेर्गेई वासिलेंकोकडे शिकला. घर, नाव, गुरू, प्रवास यांपैकी कशाचीही त्याला वाण नव्हती.

हेलसिंकीत १९११ साली ऑपेराची जी संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ऑस्कर मेरिकांतो होते. जगप्रसिद्ध गायिका आइनो आक्ते याही होत्या. ऑस्कर १९२२ पर्यंत तिथे वाद्यवृंदाचे संचालक होते. आणि ‘युहा’ची संहिता लिहिली ती याच आइनो आक्ते यांनी. म्हणजे ज्या दाराशी हा ऑपेरा थांबला, ते दार उभारणाऱ्यांपैकी एक संगीतकाराचा बाप होता आणि दुसरी त्याच्या संहितेची लेखिका. तरीही दार उघडले नाही.

हा तपशील मी मुद्दाम ठळकपणे मांडतो आहे. उपेक्षित कलावंत म्हटला की लगेच त्याच्याशी आपले नाते जोडण्याची आपल्याकडे घाई होते. मेरिकांतोची उपेक्षा जन्माने आलेली नव्हती. कोणी त्याच्या सावलीचा विटाळ मानला नव्हता. ही दोन दुःखे एका मापाने मोजली तर दोन्हींवर अन्याय होईल. परंतु मंडपात जन्मलेल्या माणसालाही त्याच मंडपात आवाज काढू दिला जात नाही, तेव्हा मंडप कोणत्या नियमांवर उभा आहे हे स्पष्ट दिसू लागते. म्हणून हे उदाहरण मला मोलाचे वाटते.

तीन

तो नियम समजण्यासाठी त्या काळचा फिनलंड डोळ्यांसमोर आणावा लागेल. १८०९ पासून हा देश रशियाच्या झारच्या ताब्यात होता. विद्यापीठ, कचेरी आणि प्रतिष्ठित घरे यांत स्वीडिश भाषा चाले. फिनिश ही बहुसंख्य शेतकऱ्यांची, कुळांची, मजुरांची भाषा. १८६३ सालच्या हुकुमाने तिला सरकारी व्यवहारात हळूहळू जागा मिळू लागली. फिनिशमधील पहिली मोठी कादंबरी १८७० साली अलेक्सिस किवीने लिहिली. तो गावशिंप्याचा मुलगा. त्या कादंबरीवर सर्वांत कठोर हल्ला चढवला तो फिनिश भाषेच्याच एका प्राध्यापकाने, ऑगस्ट आलक्विस्टने. किवी १८७२ साली हालअपेष्टांत मेला. नंतर त्यालाच राष्ट्रीय लेखक ठरवले गेले. खालची म्हणून हिणवलेली भाषा वर येते, तेव्हा तिच्यातही लगेच पहारेकरी तयार होतात, याचे हे ठसठशीत उदाहरण.

६ डिसेंबर १९१७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १९१८ च्या जानेवारीत यादवी पेटली. एका बाजूला मजूर, भूमिहीन, कुळे यांचे ‘लाल’. दुसऱ्या बाजूला जमीनदार, मध्यमवर्ग आणि जर्मनीची मदत असलेले ‘पांढरे’. मे महिन्यापर्यंत पांढरे जिंकले. एकतीस लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या देशात सुमारे ३६ हजार माणसे मेली. त्यांत हजारो लाल कैदी छावण्यांत भुकेने आणि रोगाने गेले. घरात इतके प्रेत पडलेले असताना नव्या राष्ट्राला स्वतःचे एकसंध, सोज्ज्वळ चित्र हवे होते. ते चित्र देण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांत संगीतही होते. सिबेलिअससारखा थोर संगीतकार हयात होता आणि राष्ट्राचा आवाज म्हणून त्याचे स्थान पक्के झाले होते.

याच वर्षांत तिघे संगीतकार वेगळ्या वाटेने निघाले : एर्नेस्ट पिंगू, वाइनो राइतिओ आणि आरे मेरिकांतो. त्यांचे संगीत ओळखीच्या स्वरकेंद्राभोवती फिरत नव्हते. सुरावट अर्ध्यात तुटे, नवे रंग अंगावर येत, ऐकणाऱ्याला टेकायला जागा मिळत नसे. पिंगूच्या संगीतावर तर बोल्शेविकपणाचा शिक्का मारला गेला. स्वरांना बोल्शेविक म्हणणे आज हास्यास्पद वाटेल. यादवीनंतरच्या त्या देशात मात्र हा शब्द विनोदाचा नव्हता. अमुक रचना न कळणारी आहे असे म्हणण्याऐवजी ती धोकादायक आहे असे म्हटले, की ती समजून घेण्याची जबाबदारीच संपते.

चार

आता ‘युहा’कडे वळू. युहानी आहो याच्या १९११ सालच्या कादंबरीवर ही संहिता बेतलेली आहे. आक्ते यांनी ती आधी सिबेलिअसला देऊ केली होती. त्याने नकार दिल्यावर ती तरुण मेरिकांतोकडे आली.

युहा हा वयस्क, पायाने अधू शेतकरी. त्याची बायको मार्या वयाने फार लहान. ती सीमेपलीकडच्या कारेलियातल्या बाईची अनाथ पोर, युहाच्या घरी वाढलेली. युहाची आई तिला सून म्हणून कधीच स्वीकारीत नाही. मार्याचे कूळ, तिचा मुलूख यांवरून तिला घालूनपाडून बोलते. एक दिवस शेमेइक्का नावाचा देखणा कारेलियन फेरीवाला येतो. मार्या त्याच्याबरोबर जाते. तिथे गेल्यावर तिला कळते की अशा बायका त्याने दर उन्हाळ्यात आणल्या आहेत. तिला मूल होते. मूल तिथेच ठेवून ती पळून परत येते आणि नवऱ्याला सांगते की मला बळजबरीने नेले. युहा विश्वास ठेवतो. दोघे मूल आणायला जातात. युहा शेमेइक्कावर तुटून पडतो, आणि मार्या आपण होऊन आली होती हे सत्य तिथेच बाहेर पडते. युहा नदीच्या खडकांतून उसळणाऱ्या धारेत स्वतःला झोकून देतो.

कथा एवढीच. ती सांगायची सोपी रीत होती : मार्याला पापिणी ठरवा, युहाला देवमाणूस, शेमेइक्काला परक्या मुलखाचा राक्षस. मग राष्ट्रही खूश, प्रेक्षकही खूश. मेरिकांतोच्या संगीताने हे केले नाही, आणि माझ्या मते त्याच्या आधुनिकतेचा खरा अर्थ इथेच सापडतो.

या ऑपेरात पात्रांच्या गाण्याची ओळ बोलण्याच्या वळणाने जाते. गाणे सुरू झाले, गाणे संपले, आता टाळ्या वाजवा, अशी सोय जवळजवळ नाही. त्यामुळे चेक संगीतकार यानाचेकशी त्याची तुलना केली जाते. वाद्यवृंद गायकाच्या मागे अदबीने चालत नाही. पात्र जे बोलते त्याच्या विरुद्ध काही तरी तो सांगत असतो. मार्या घरात असते तेव्हा स्वर आखडलेले, लहान लहान तुकड्यांचे. त्याच घरातल्या वाद्यांत मात्र बाहेरच्या नदीची ओढ चालू असते. सासूच्या तोंडचे शब्द संगीताने सजवलेले नाहीत, टोचण्यासारखे ठेवले आहेत. मार्या खोटे सांगते तेव्हा तिच्या खोटेपणाखालची भीती आणि लाज आपल्याला ऐकू येते. तिला शिक्षा व्हावी असे वाटत नाही. शेमेइक्काच्या स्वरांत खरोखरीचे आकर्षण आहे. ते नसते तर मार्याचे जाणे मूर्खपणाचे ठरले असते. आणि युहा? फसवला गेलेला म्हणून आपण त्याच्यासाठी कळवळतो, पण ज्या पोरीला त्याने वाढवले तिच्याशीच त्याने लग्न केले हेही संगीत आपल्याला विसरू देत नाही.

जिच्या जन्मावरून तिला रोज शिवी मिळते अशी बाई एका घरातून सुटायला निघते आणि दुसऱ्या पिंजऱ्यात जाते. तिला सती किंवा कुलटा न करता माणूस म्हणून उभी करायची, तर घोटून गुळगुळीत झालेल्या सुरावटी पुरत नाहीत. त्या सुरावटींत आधीच निवाडा झालेला असतो. टेकायला जागा न देणारे संगीत मेरिकांतोला हवे होते ते यासाठी. ‘रचनेचा खटाटोप’ म्हणून ज्याची हेटाळणी होते, ती इथे सत्य सांगण्याची गरज होती.

पाच

ऑपेरागृहाने ‘युहा’ घेतला नाही. १९२४ साली लेवी मादेतोयाचा ‘पोह्यालाइसिया’ हा ऑपेरा त्याच रंगमंचावर आला आणि प्रचंड गाजला. लोकगीतांची गोड वीण, ताठ मानेचे शेतकरी, त्यांच्यावर जुलूम करणारा सरकारी अधिकारी. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने त्यात आपली प्रतिमा पाहिली. पुढे आक्ते यांचीच ‘युहा’ची संहिता मादेतोयाकडे गेली आणि त्याचा ‘युहा’ १९३५ साली रंगमंचावर आला. त्याच कथेचा, त्याच संहितेवरचा दुसरा ऑपेरा. पहिला अजून कोणी पाहिलेला नव्हता.

मादेतोयाला खलनायक करण्याचे कारण नाही. तो सच्चा कलावंत होता, आणि ‘पोह्यालाइसिया’ला मिळाले तेवढे प्रेम त्याच्या ‘युहा’लाही मिळाले नाही. प्रश्न व्यक्तीचा नसून निवडीचा आहे. मेरिकांतोचे संगीत लोकांना झेपणार नाही, असे त्या काळी गृहीत धरले गेले. पण कोणत्या लोकांना? ज्यांनी ते ऐकलेच नाही त्यांना? सामान्य माणसाचे नाव पुढे करून सामान्य माणसापर्यंत एखादी गोष्ट पोचूच द्यायची नाही, ही रीत सर्व देशांतल्या प्रस्थापितांना अवगत आहे. १९२५ साली मेरिकांतोच्या व्हायोलिन, क्लॅरिनेट, हॉर्न आणि सहा तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या कॉन्चेर्तोला शोट या जर्मन प्रकाशनसंस्थेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. घरी मात्र त्याने फरक पडला नाही. १९२४ मधली ‘पान’, १९२८ मधली ‘सिंफोनिक स्टडी’ अशा एकाहून एक धाडसी रचना या दशकात त्याने लिहिल्या.

आणि मग जे घडले ते मला ऑपेरा नाकारला जाण्यापेक्षा भयंकर वाटते. मेरिकांतोने स्वतःच्याच रचनांवर हात टाकला. ‘सिंफोनिक स्टडी’चे हस्तलिखित त्याने छिन्नविच्छिन्न केले. १९३१ च्या सुमाराचा तिसरा व्हायोलिन कॉन्चेर्तो त्याने पूर्णच नष्ट केला. १९३० नंतर त्याची शैली बदलत गेली. तो लोकसंगीताच्या आणि ओळखीच्या स्वररचनांच्या आश्रयाला गेला. १९३७ चा दुसरा पियानो कॉन्चेर्तो ऐकावा. सुंदर आहे, प्रसन्न आहे. परंतु ‘युहा’नंतर तो ऐकताना, बोलका माणूस चारचौघांत जपून बोलू लागावा तसे वाटते.

कलावंताने शैली बदलणे हा गुन्हा नव्हे. अनेकांनी ती आतल्या गरजेने बदलली आहे, आणि मेरिकांतोच्या मनात काय चालले होते हे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु एखादा माणूस आपलीच उत्तम पाने फाडतो, तेव्हा ती फाडणारा हात एकट्याचा नसतो असे मला वाटते. बाहेरचा परीक्षक वर्षानुवर्षे गप्प राहिला की आपणच आपल्या आत एक परीक्षक नेमतो, आणि हा आतला परीक्षक बाहेरच्यापेक्षा निर्दय असतो. बाहेरचा हस्तलिखित परत करतो. आतला ते जाळतो. नाही न म्हणता दिलेल्या नकाराची खरी ताकद ही आहे : शेवटचे काम तो ज्याला नाकारले त्याच्याकडूनच करून घेतो.

सहा

अशा कहाणीचा शेवट करताना एक वाक्य हमखास लिहिले जाते : काळ अखेर न्याय देतो. हे वाक्य मी लिहिणार नाही, कारण ते खोटे आहे. काळाने काहीही दिले नाही. जे दिले ते माणसांनी दिले, आणि त्यांची नावे सांगता येतात.

मेरिकांतो १९३६ पासून मृत्यूपर्यंत शिक्षक होता. हेलसिंकीच्या ज्या संस्थेला पुढे सिबेलिअस अकादमी हे नाव मिळाले तिथे तो शिकवत असे; १९५१ मध्ये तो तिथे रचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. एइनोयुहानी राउतावारा, उस्को मेरिलाइनेन, आउलिस साल्लिनेन, पावो हेइनिनेन हे त्याचे विद्यार्थी. यांतला प्रत्येक जण वेगळ्या वाटेने गेला. ज्याला स्वतःच्या वाटेवर चालू दिले गेले नाही, त्याने विद्यार्थ्यांना एकाच वाटेवर हाकले नाही. शिक्षक म्हणून मला या गोष्टीपुढे नम्र व्हावेसे वाटते. साल्लिनेनचा ‘घोडेस्वार’ हा ऑपेरा १९७५ साली साव्होनलिन्नाच्या महोत्सवात झाला. फिनिश ऑपेराच्या ज्या भरभराटीचे जगभर कौतुक झाले, तिच्यात असा उपेक्षित गुरूचा शिष्य होता.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘युहा’ रेडिओवरून प्रसारित झाला. १९६३ साली राजधानीत नव्हे, लाह्ती या गावी तो रंगमंचावर आला. १९७२ मध्ये उल्फ सोडरब्लोमच्या संचालनाखाली त्याचे ध्वनिमुद्रण झाले. पुढे युक्का-पेक्का सारास्तेनेही ते केले. ‘सिंफोनिक स्टडी’ची तुटलेली पाने हेइनिनेनने जुळवली. गुरूच्या हस्तलिखितातून जे हरवले ते, जे उरले त्याच्या आधाराने त्याने पुन्हा लिहिले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती रचना पुन्हा उभी राहिली. तिसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्तोचे मात्र जुळवण्यासारखे काही उरलेच नव्हते. तेव्हा हेइनिनेनने, गुरूची ती रचना कशी असू शकली असती, याची कल्पना करून ‘तूमिंकी’ ही स्वतःची रचना लिहिली. शिष्याची गुरुनिष्ठा म्हणून ही गोष्ट हृद्य आहे. परंतु तिचा दुसरा अर्थही डोळ्यांआड करू नये. ती रचना आपल्याला पुन्हा पुन्हा आठवण करून देते की मूळ परत आलेले नाही आणि येणार नाही.

म्हणून हिशोब नीट मांडला पाहिजे. उशिरा मिळालेला सन्मान खात्यावर जमा धरताना १९३१ नंतरचा न घडलेला मेरिकांतो खर्चात दाखवला पाहिजे. ‘युहा’ १९२३ साली रंगमंचावर आला असता, तर त्याने दुसरा ऑपेरा कसा लिहिला असता? फिनिश संगीत १९६० पर्यंत थांबले नसते तर कुठे गेले असते? या प्रश्नांना उत्तरे नाहीत, आणि उत्तरे नसणे हेच नुकसान.

विद्यार्थी मला विचारतात, थोर कलाकृती अखेर टिकतेच ना? मी त्यांना सांगतो : जी टिकली तिच्याचविषयी आपण बोलतो, म्हणून तसे वाटते. ‘युहा’ टिकला, कारण त्याचे हस्तलिखित उरले आणि ते वाचू शकणारी, वाचण्याची तसदी घेणारी माणसे पुढच्या पिढीत होती. व्हायोलिनचा कॉन्चेर्तोही तितकाच थोर असेल. तो टिकला नाही. दोहोंत फरक गुणवत्तेचा नव्हता, कागदाचा होता.

तेव्हा मित्रहो, मेरिकांतोचे ध्वनिमुद्रण मिळाले तर जरूर ऐका. पहिल्यांदा ते कठीण जाईल, मलाही गेले. मार्या सासूसमोर उभी आहे तो भाग दोनदा ऐका. आणि तुमच्या ओळखीतले कोणी लिहीत असेल, परत आलेल्या वह्या ट्रंकेत टाकीत असेल, तर त्याला कौतुकाचे पत्र पुढे कधी तरी पाठवा; आधी त्या वह्या मागून घ्या आणि त्यांच्या प्रती करून ठेवा.